अर्धा मिलिमीटर

फाल्मथच्या उतारावर जेगो नॅन्कॅरोच्या दुकानात
फिन्स भाड्याने मिळतात. पाच पौंड अनामत.
तो आधी पायांकडे बघतो, मग तोंडाकडे.
म्हणाला, टाच अरुंद, चवडा रुंद,
तुम्हाला काहीच नीट बसणार नाही.
इतकं खरं भविष्य मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी निळ्या नेल्या.
हलक्या, पात्याला मधोमध चीर,
हातातून सुटल्या तर तरंगतात, तेवढाच गुण.
कॅसल बीचच्या खडकापाशी अर्धा तास
पाणी पाखडत राहिले, सुपाने पाखडावं तसं.
खडक जागेवर. मीही.
शेजारून एक म्हातारी अनवाणी पोहत गेली,
छान आहे ना आज, म्हणत.

मग लांब, ताठ, काळ्या. माझाच हट्ट.
एका लाथेत समुद्र मागे सरकला,
शेवाळाचं रान पोटाखालून
गाडीच्या खिडकीतल्या उसासारखं पळालं.
पंधरावी लाथ, सोळावी,
आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला
की बोयाला मिठी मारून
मी अस्सल सातारी शिव्या दिल्या.
पिवळा बोया, त्याला काय कळतंय.

तिसऱ्या जोडाला जेगो हात लावू देत नव्हता.
जुनं, सलग रबर, बंद टाच,
काठावर पांढऱ्या रंगात कुणाचं तरी नाव, आता फक्त ‘ट्रे’ उरलेलं.
पंक्चरवाल्याच्या दुकानासारखा वास.
पातं ना आडमुठं ना लोचट:
वाकवलं तर वाकतं, सोडलं की सावकाश परत येतं,
स्वतःचं मत असलेल्या माणसासारखं.
आणि जड. पाण्यात सोडा, सरळ तळाला.

शिरवळच्या विहिरीत पाठीला तेलाचा डबा बांधून
आतेभावाने मला ढकललं होतं.
काथ्याचा वळ अजून बरगडीखाली आहे.
तेव्हा सगळी विद्या न बुडण्याची.
आता मी बुडायला भाडं भरते.

फक्त उजव्या करंगळीला चावत होता.

दिवसा मी ट्रूरोच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते.
अर्धा मिलिमीटर जास्त राहिला
तर तिकडे कुणी भाकरी, म्हणजे टोस्ट, चावताना रडतं.
तेव्हा सोमवारी, सगळे गेल्यावर,
मी तो फिन बाकावर घेतला,
कवळीचा सर्वांत बारीक बर लावला
आणि आतली कड घासली. काळी पूड,
जळक्या रबराचा वास, मधूनच करंगळी घालून बघणं,
पुन्हा घासणं. कुणा अनोळखी माणसाच्या पायातून
माझ्या पायापुरती जागा.

फिन्स घालून सरळ चालता येत नाही, पातं वाळूत रुततं.
पाठमोरं शिरायचं पाण्यात, एकेक पाऊल.
आमच्याकडे उलट्या पावलांची कोण असते
ते मी जेगोला सांगितलं.
त्याने गंभीरपणे विचारलं, तिचा साईज काय?

मागे मागे जाताना किनारा समोर राहतो:
कॅफेच्या खुर्च्या, ओला कुत्रा,
माझ्या टॉवेलवर ठेवलेला चष्मा.
मग कंबरेला थंडी, मग छातीला,
मग वळायचं.

खाली एक खेकडा, लांब टांगांचा,
शेवाळ डोक्यावर लावून बसलेला, आपण नाहीच अशा थाटात.
मी श्वास धरला, कंबरेत वाकले,
रबराने पाय वर उचलले आणि वजनानेच मला खाली दिलं.
करंगळीची आठवणसुद्धा आली नाही.
किती वेळ ते सांगता येणार नाही.
खेकड्याने एक टांग हलवली.

जोड परत केलेला नाही. पाच पौंड जेगोकडे आहेत,
तो मागत नाही, मी विचारत नाही.
गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, पावडर लावून
पलंगाखाली ठेवलाय, आत वर्तमानपत्र कोंबून.
भरतीच्या वेळा छापलेलं पान तेवढं
आधी काढून घेतलं.